फोटो कशावर ठेवायचे? डीव्हीडी, हार्डडिस्क, पेनड्राइव्ह आणि नाशिकचा पावसाळा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर पंचवटीतल्या एक काकू दुकानात आल्या. पोथी गुंडाळावी तशी लाल कापडात गुंडाळलेली एक डीव्हीडी त्यांनी काउंटरवर ठेवली. मुलीच्या लग्नाची, २००६ सालची. नातवाला दाखवायला काढली तर लागेना. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. वरच्या बाजूला गणपती आणि वधू-वरांची नावं छापलेलं गोल स्टिकर होतं, त्या काळी आम्ही सगळेच फोटोग्राफर हौसेनं चिकटवायचो तसलं. स्टिकरला फुगे आले होते. खालच्या जांभळट बाजूला, अगदी कडेनं, चहाचा ओघळ सुकावा तसा फिकट पट्टा दिसत होता. ड्राइव्हमध्ये घातली. घर्र करून थांबली, परत घर्र. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये फिरवून, रात्रभर वाचायला लावून सहाशेपैकी चारशेच्या आसपास फोटो निघाले. हळद निघाली, सप्तपदी निघाली. पाठवणी गेली.

पाठवणीच का गेली, तर डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. आम्ही फोटो विधींच्या क्रमानं टाकतो, म्हणजे शेवटचे विधी बाहेरच्या कडेला. हवा आणि ओल आत शिरते तीही कडेनंच.

काकू म्हणाल्या, "जाऊ दे, आता पेनड्राइव्हवर दे. ते तरी टिकतं ना?" टिकत नाही. का टिकत नाही आणि मग टिकतं काय, हे मी काउंटरवर उभ्याउभ्या इतक्या वेळा सांगितलंय की एकदा नीट लिहून काढतो.

कायमचं माध्यम असं काही नसतं. प्रत्येक माध्यमाला मरण आहे, फक्त प्रत्येकाचं मरण वेगळं आहे. हार्डडिस्क पडून मरते, पेनड्राइव्ह पडून राहून मरतो, डिस्क ऊन आणि ओल खाऊन मरते, क्लाउड विसरलेल्या पासवर्डनं मरतं. म्हणून "सगळ्यात टिकाऊ कोणतं" हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि एकाच कारणानं दोन्ही जाणार नाहीत अशी दोन माध्यमं निवडतो. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

आधी मोजा

माध्यम घ्यायला एमजी रोडला निघण्याआधी घरात फोटो किती आहेत ते बघा. जुना लॅपटॉप, दोन-तीन फोन, आईचा फोन, कपाटातली मेमरी कार्डं, सगळं एका फोल्डरमध्ये आणा आणि आकार पाहा. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा असतो. चाळीस हजार फोटो धरले तरी दीडशे जीबीच्या आसपास होतात. लोकांना वाटतं त्याहून हे बरंच कमी असतं. खरी जागा व्हिडिओ खातात. त्यातले 'शुभ सकाळ'चे फॉरवर्ड आणि वॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेल्या त्याच त्या प्रती काढून टाकल्या की आकडा आणखी खाली येतो.

वॉट्सॲपचंच निघालं म्हणून सांगतो. तिथून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि कधी, कुठे काढला ही माहितीही त्यातून उडालेली असते. भाच्याच्या मुंजीचे फोटो ज्यानं काढले त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवून घ्या, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी जा. लग्नाचे फोटो असतील तर फोटोग्राफरकडून मूळ फाइल्स लगेच घ्या. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, करिझ्मा अल्बम हातात पडला की बहुतेक जण काही महिन्यांनी डेटा उडवतात. मी वर्षभर ठेवतो, त्यापुढे माझ्याकडेही जागा नसते.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे प्रसंग. '२०१५-०८-२९ सिंहस्थ पहिलं शाहीस्नान' असं. म्हणजे कुठल्याही यंत्रात ते आपोआप क्रमानं लागतात. प्रत्यक्षात हे नाव इंग्रजी लिपीत टाइप करा, कारण जुने टीव्ही आणि डिस्क लिहिणारी काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडतात. फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि तिच्यात फोटोत कोण कोण आहे ते मात्र मराठीत लिहा. फोटो वाचला आणि 'हे कोण?' सांगणारं माणूस उरलं नाही, हेही मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

डिस्क: कुठली चालते, कुठली नाही

साध्या डीव्हीडीत दोन प्लॅस्टिकच्या थरांमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझर तो रंग भाजतो, तेच लिखाण. रंग म्हटला की ऊन, उष्णता आणि काळ यांनी फिका पडायचाच. सीडीची गोष्ट आणखी नाजूक. तिच्यात डेटाचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त वार्निशसारखं पातळ कवच असतं. बॉलपेननं दाबून नाव लिहिलं की खालचा डेटा चेपतो. लिहायचंच तर पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या मार्करनं, तेही मधल्या पारदर्शक गोलावर. स्टिकर कधीच नको. दमट हवेत कागद ओढला जातो, डिस्क बारीकशी वाकते आणि वेगानं फिरताना तिचा तोल जातो.

ब्ल्यू-रे म्हणजे डीव्हीडीची पुढची, जास्त मावणारी पिढी. तिच्या बहुतेक डिस्कमध्ये रंगाऐवजी असेंद्रिय पदार्थाचा थर असतो, त्यामुळे ती डीव्हीडीपेक्षा बरी टिकते. पण यात एक गोम आहे. पाकिटावर 'एलटीएच' लिहिलेलं दिसलं तर ती घेऊ नका, त्या जातीत परत रंगच वापरलेला असतो. एका डिस्कवर २५ जीबी मावतात. म्हणजे दीडशे जीबीसाठी सात डिस्क पुरतात. तेच डीव्हीडीवर करायला गेलात तर पस्तीस-छत्तीस डिस्क लिहीत बसाल.

एम-डिस्क नावाचा प्रकार खास जपणुकीसाठी बनवला गेला. त्यात दगडासारख्या असेंद्रिय थरात लेझरनं कायमचे खड्डे पाडले जातात. बनवणाऱ्यांचा दावा हजार वर्षांचा आहे. हजार वर्षं कोणी पाहिली आहेत! पण रंगाचा थर नाही एवढं खरं आहे आणि मला तेवढं पुरतं. एम-डिस्कची डीव्हीडी लिहायला तिला चालणाराच रायटर लागतो, कारण लेझर जास्त ताकदीचा हवा. तिची ब्ल्यू-रे मात्र साध्या ब्ल्यू-रे रायटरवर लिहिता येते.

आता अडचण. लॅपटॉपमधून डिस्कचा ड्राइव्ह कधीच गेला. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. डिस्क टिकेल हो, पण ती वाचणारं यंत्र वीस वर्षांनी मिळायला हवं ना. म्हणून डिस्कवर फोटो ठेवणार असाल तर बाहेरून जोडायचा यूएसबीचा रायटर विकत घ्या आणि तो डिस्कबरोबर त्याच डब्यात ठेवा. हे न करता नुसत्या डिस्क घेणाऱ्याला मी परत पाठवतो.

लिहिताना सर्वात कमी वेग निवडा आणि 'व्हेरिफाय'वर टिक करा. एका डिस्कला पाऊण तास लागला तर लागू द्या.

हार्डडिस्क

बहुतेक घरांसाठी मुख्य प्रत हीच. जीबीमागे स्वस्त, भरभर कॉपी होते, कोणत्याही संगणकाला लागते. पण तिच्या पोटात फिरती चकती आहे आणि तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून डोकं तरंगत असतं. तरंगत असताना धक्का बसला की चकतीवर चरा.

२०१४ च्या मे महिन्यात माझी स्वतःची पोर्टेबल डिस्क टेबलावरून खाली आली. कूलरकडे जाताना वायरीत पाय अडकला, एवढंच. उंची फार तर अडीच फूट. तिच्यात तीन लग्नं होती. टक-टक आवाज येत होता आणि मी मूर्खासारखा ती पुन्हापुन्हा लावून बघत होतो. प्रत्येक वेळी डोकं चकती आणखी खरवडत होतं, हे मला नंतर कळलं. दोन लग्नं कार्डांवर अजून शिल्लक होती. तिसऱ्या घरी जाऊन मी काय तोंडानं बोललो ते सांगत नाही. तुमच्या डिस्कमधून असा टकटकाट आला तर त्या क्षणी वायर काढा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या, घरी काहीही करून बघू नका.

घेताना दोन घ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच दोषाच्या असू शकतात. पोर्टेबलपैकी काहींमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट आतल्या बोर्डावरच जडवलेलं असतं. ते मोडलं की आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालता येत नाही. शक्य असेल तर संगणकाच्या आत बसते ती साधी साटा डिस्क आणि तिच्यासाठी वेगळं एनक्लोजर, म्हणजे यूएसबीचा डबा, घ्या, थोडं जड पडतं पण उघडता येतं.

आणल्या आणल्या फोटो ओतू नका. आधी पूर्ण फॉरमॅट मारा, 'क्विक'ची टिक काढून. विंडोज त्या वेळी सगळ्या पृष्ठभागावर शून्यं लिहीत जातं, कच्चा भाग असेल तर तिथेच उघडा पडतो. एक टीबीला तीन-चार तास लागतील. घरात सगळे विंडोजवाले असतील तर फॉरमॅटचा प्रकार एनटीएफएस ठेवा. मॅकही वापरणार असाल तर एक्सफॅट लागेल, पण एक्सफॅटची डिस्क 'इजेक्ट' न करता उपटलीत तर फोल्डरांची यादी बिघडण्याचा धोका जास्त.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात 'रीॲलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बाजूला टाकलेले डिस्कचे तुकडे) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडलेले तुकडे) या दोन ओळी बघायच्या. त्यातला कच्चा आकडा, म्हणजे 'रॉ व्हॅल्यू', शून्य हवा. नव्या डिस्कवर शून्य नसेल तर दुकानात परत. जुन्या डिस्कवर तो आकडा वाढायला लागला तर पुढच्या रविवारची वाट न बघता त्याच दिवशी कॉपी काढा. पाच वर्षं झालेली डिस्क ठणठणीत असली तरी मी तिला मुख्य जागेवरून निवृत्त करतो आणि जादाची प्रत म्हणून ठेवतो.

पेनड्राइव्ह, कार्ड, एसएसडी

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एसएसडी म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपची डिस्क. या तिन्हींत डेटा म्हणजे बारीकशा कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. वीज न देता कपाटात ठेवून दिलं की तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर झिरपतो. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा आहे ती एवढीच: लिहिण्याचं आयुष्य पूर्ण संपल्यावर, विजेशिवाय, ३० अंश सेल्सिअसला, एक वर्ष. कमी वापरलेली नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते हे खरं, पण आपल्या मे महिन्यात माळ्यावर ३० अंश असतात का? स्वस्त पेनड्राइव्हला तर असं कुठलं मानक पाळायची सक्तीच नाही. शिवाय बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह फिरतात. वर १ टीबी छापलेलं, आत ३२ जीबी, आणि पुढचे फोटो मुकाट्यानं हरवतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर तो पूर्ण भरून, परत वाचून खरं-खोटं सांगतं. फोटो नेण्या-आणण्याला पेनड्राइव्ह उत्तम, जपायला नको.

क्लाउड

तिसरी, घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड चांगलं. गोदावरीला कितीही पाणी आलं तरी ते बुडत नाही. पण नियम बदलतात. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर फोटो दाबून ठेवले जातात, तेव्हा सेटिंगमध्ये 'ओरिजिनल क्वालिटी' आहे का बघा. दोन वर्षं अकाउंटला हातच लावला नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं. आणि सर्वात मोठा गैरसमज: फोनमधून फोटो उडवला की क्लाउडमध्ये राहतो. गुगल फोटोजच्या ॲपमधून उडवलात तर तो दोन्हीकडून जातो. कचरापेटीत साठ दिवस असतो, नंतर नाही.

गुगलच्या 'टेकआउट' सेवेतून सगळे फोटो परत उतरवता येतात. तेव्हा तारीख आणि ठिकाणाची काही माहिती वेगळ्या जेसन फाइल्समध्ये येते, त्या कचरा समजून उडवू नका.

टेपचं एका ओळीत सांगतो. एलटीओ टेप तीस वर्षं टिकते म्हणतात आणि बँका, चित्रपटवाले ती वापरतात, पण ड्राइव्हचीच किंमत लाखांत आहे. घरासाठी विचारही नको. एकाच डब्यात दोन हार्डडिस्क घालून रेड (एकीवरचं आपोआप दुसरीवर उमटवणं) करणाऱ्यांनीही लक्षात घ्या, चुकून उडवलेला फोटो तिथे दोन्ही डिस्कवरून एकदमच उडतो.

मी काय सुचवतो

शंभर-दीडशे जीबीपर्यंत फोटो असतील तर एक हार्डडिस्क, एक असेंद्रिय थराच्या ब्ल्यू-रेचा किंवा एम-डिस्कचा संच आणि क्लाउड. त्याहून जास्त असतील तर डिस्क लिहिण्याचा कंटाळा येतो आणि कंटाळा आला की काम अर्धवट राहतं. मग दोन हार्डडिस्क, क्लाउड, आणि फक्त निवडक पाचशे-हजार फोटो डिस्कवर. ही निवड करायला घरातल्या सगळ्यांना बसवा, एका दुपारचं काम आहे, भांडणं होतील.

त्यातले शंभर कागदावर छापून घ्या. लॅबमध्ये खऱ्या फोटोपेपरवर, घरच्या इंकजेटवर नव्हे. कागदाला ड्राइव्ह लागत नाही. आपल्याच शहरात दादासाहेब फाळक्यांनी १९१३ नंतर स्टुडिओ थाटला आणि मूकपटांमागून मूकपट काढले. त्या काळच्या, लवकर सडणाऱ्या नायट्रेट फिल्मपैकी फारच थोडी आज शिल्लक आहे. पोस्टरं नि छायाचित्रं मात्र काही काही चित्रपटांची आहेत, म्हणून ते होते हे तरी दिसतं.

कॉपी झाली म्हणजे झाली नव्हे

विंडोज कॉपी करतं तेव्हा पोहोचलेली फाइल परत वाचून बघत नाही. टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय'चा पर्याय आहे तो चालू करा. तो प्रत्येक फाइलचा चेकसम काढतो, म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. चेकसमची फाइल फोल्डरमध्येच जपून ठेवा. पडताळणीआधी डिस्क इजेक्ट करून पुन्हा लावायची, हे मात्र विसरू नका. नाहीतर संगणक मेमरीत राहिलेली प्रत वाचून 'सगळं ठीक' सांगतो.

बिघडलेला जेपेग कसा दिसतो ते एकदा पाहिलं की विसरत नाही. अर्धा फोटो छान, आजोबांच्या टोपीपर्यंत, आणि त्याखाली सगळं राखाडी. छोट्या थंबनेलमध्ये तो धड दिसतो, म्हणून नुसती खिडकी खाली-वर सरकवून तपासणी होत नाही.

ठेवायचं कुठे

नाशिकची हवा चांगली म्हणतात, माणसांना असेल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालचा माळा भट्टी होतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. म्हणून माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको. घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. खालच्या खणात तर मुळीच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या वर पुराचं पाणी चढलं, तेव्हा सराफ बाजाराच्या मागच्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण चिखलानं भरला. डिस्क आणि तिची बॅकअप डिस्क दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पिशवीत होत्या.

रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशेत मिळणारा छोटा आर्द्रतामापक टाका. ३५ ते ५० टक्के दाखवत असेल तर उत्तम. सिलिका जेल नारिंगी दाण्यांची घ्या, ओल शोषली की रंग बदलतो, मंद आचेवर तापवली की परत मूळ रंगावर येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ती नको. आणि तापवायला स्वयंपाकाचा तवा घेऊ नका. डिस्क केसमध्ये उभ्या ठेवा. हार्डडिस्क तिच्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीत.

दुसरी प्रत दुसऱ्या घरात. तुम्ही नदीकाठी राहत असाल तर सिडकोत किंवा इंदिरानगरला भाऊ-बहीण कोणी असेलच. लेक पुण्याला असेल तर आणखी चांगलं, दिवाळीला येताना जुनी डिस्क आणेल, जाताना ताजी नेईल.

खंडेनवमीला

आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रं पुसून, हळद-कुंकू लावून पूजा करतात. मी त्याच दिवशी डबा उघडतो. दोन्ही हार्डडिस्क लावतो, क्रिस्टलडिस्कइन्फोचे ते दोन आकडे वहीत लिहितो, चेकसम तपासायला लावून पूजेला बसतो, वर्षभराचे नवे फोटो भरतो, सिलिका जेल तापवतो. पुन्हा एकदा होळीच्या सुमारास डिस्क नुसती चालवून बघतो. दर पाच वर्षांनी नवी हार्डडिस्क, त्या वेळी बाजारात जे रुळलेलं असेल त्यावर. कुंकू फक्त डब्याला, पोर्टात जाऊ देऊ नका.

डब्यात एक कागद ठेवा: आत काय आहे, दुसरी प्रत कोणाकडे आहे, क्लाउडचं अकाउंट कुठलं. पासवर्ड त्या कागदावर नको, तो घरात आणखी एकाला माहीत असू दे. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. आपण बराच काळ आलो नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, ते तिथे आधीच नेमून ठेवता येतं.

आणि फोटो आधीच गेले असतील तर सॉफ्टवेअरमागे लागण्याआधी नातेवाइकांना फोन लावा. काकूंना मी हेच सांगितलं. आठवड्यानं सिन्नरहून मुलीचे मामा येऊन दुसरी डीव्हीडी देऊन गेले. त्या वेळी जादा प्रत म्हणून मीच काढून दिली होती, घाईत, स्टिकर संपलं होतं म्हणून मार्करनं नुसतं 'मामा' लिहून. पहिल्या झटक्यात लागली. पाठवणी सगळी होती.